मागचा बॉल

४ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार

पोरगा चांगला आहे. वाईट बातमी.

सखारामने आणला. सखाराम कुवेतच्या आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, शुवैखला गॅरेजात फोरमन, आणि व्हॉलीबॉलमध्ये शून्य. "दिनकर, तुझ्यासाठी माणूस आणलाय बघ," म्हणाला. माझ्यासाठी नव्हे, माझ्या जागी. पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

नाव दत्तप्रसाद. वय बावीस. सुतार. देवगडच्या बाजूचा, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे. महिना झाला कुवेतला येऊन. शुवैखच्या मागे कंपनीच्या कॅम्पात राहतो, एका खोलीत आठ जण. डाव्या अंगठ्याचं नख काळं — हातोडी बसलेली. मला बघून पायाच पडायला आला. "अण्णा, तुमका मी वळाखतंय. आमच्या वाडीत तुमची कॅसेट दाखवलेली."

कॅसेट! एकोणनव्वदच्या फायनलची. तेव्हा एकाने हौसेने अख्खी मॅच काढली होती. दोन कॉप्या केल्या. एक मेव्हण्याबरोबर गावी पाठवली, दुसरी इथे हवल्लीच्या घरी "बघू सावकाश" म्हणून ठेवली. नव्वदच्या ऑगस्टात आम्ही दोन बॅगा घेऊन जॉर्डनमार्गे पळालो. लढाईनंतर परत आलो तर घराला दारंसुद्धा नव्हती, कॅसेट कुठली असणार! गावची कॉपी वाडीवाडीतून फिरत राहिली. गावी गेलो की विचारतो, आणि ती नेमकी दुसऱ्या कुणाकडे तरी असते.

म्हणजे मी स्वतःला खेळताना कधी पाहिलेलंच नाही. मंडळाचा कॅमेरावाला फक्त प्रमुख पाहुणे आणि बक्षीस समारंभ काढतो. आमच्याकडे बारा वर्षांची पाहुण्यांची भाषणं जपून ठेवलेली आहेत.

५ ऑक्टोबर

काल चिडून लिहिलं. आज शांतपणे.

लिफ्टरची जागा एकच असते. बाकीचे पाच जण चुकले तरी खपतं. लिफ्टर चुकला की सगळेच चुकतात. दुसरा बॉल त्याचा. तो पुढच्या स्मॅशरला द्यायचा की डोक्यावरून मागच्याला, हे नेटपलीकडच्या माणसाला शेवटपर्यंत कळता कामा नये. कळलं तर तो आधीच उडी मारून हात वर करून उभा! एवढीच विद्या आहे.

ही जागा गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. लढाईची दोन वर्षं वजा. सात वेळा फायनलला गेलो. सातही वेळा मलबारवाल्यांनी हरवलं. त्यांचा लिफ्टर गफूर. तोही माझ्याएवढाच जुना. मार्चअखेर कंपनीचं काँट्रॅक्ट संपतंय, मी कायमचा गावी चाललोय. म्हणजे हा शेवटचा कप. तो मला हवा आहे. उगाच तत्त्वज्ञान नको — हवा आहे!

निवड समितीत आम्ही तिघं. मी, सखाराम, आणि एक डॉक्टर, जे मीटिंगला येत नाहीत. म्हणजे मीच.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मोजून बघायचं ठरवलं. रिफायनरीत तेच काम करतो. गेज खरं बोलतो की खोटं, हे सांगायचा मला पगार मिळतो. पोरगाही तसाच तपासायचा, मनात काही न ठेवता.

हात : दहापैकी नऊ. बॉल त्याच्या बोटांत येतो कधी आणि जातो कधी, आवाजच नाही. गफूरला मी साडेआठ देईन. हैदराबादवाल्यांचा नझीर आहे, सहा फूट दोन इंच. त्याला सात, बॉल थापटतो मेला. मला आठ.

पाय : पोरगा नऊ. नझीर आठ. गफूर सात, त्याचंही वय झालं. मला सात.

(शामला चहा घेऊन आली, वाचून गेली. जाता जाता म्हणाली, "गुडघ्याला रोज रात्री मी पट्टी बांधते. सात?" पाच केले.)

डोकं : गफूर दहा. त्याला देवच येऊन सांगत असावा ब्लॉक कुठे टाकायचा ते. नझीर चार. मी आठ. पोरगा — अजून कळत नाही. फार बोलत नाही. बघत बसतो.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली!

मंगफच्या मैदानावर प्रॅक्टिस. मी मुद्दाम बाहेर बसलो, पोराला लिफ्टरला उभं केलं. बॉल मागे द्यायचा असला की त्याआधी तो उजवा हात चड्डीला पुसतो. अगदी हलकेच, मांडीपाशी. पुढे द्यायचा असला तर नाही. अकरा वेळा मागे दिला, अकराही वेळा हात चड्डीला. सुताराची सवय. दिवसभर तळव्याला भुसा चिकटलेला असतो, पुसल्याशिवाय हातात काही धरवत नसेल.

इतर कुणाच्या लक्षात आलं नाही. सखाराम तर बॉल कुठल्या बाजूला आहे हेच शोधत असतो.

आता गंमत अशी : गफूरसारख्याने दोन मॅच पाहिल्या की हा पोरगा संपला. नऊ मार्कांचे हात गेले खड्ड्यात.

२ नोव्हेंबर

त्याला सांगायला हवं का? हवं. कधी? निवडीनंतर. आधी सांगणं म्हणजे पेपर तपासणाऱ्याने उत्तर सांगण्यासारखं होईल. नियम तो नियम.

(हा नियम कालच सुचला. पण नियम आहे.)

१० नोव्हेंबर

दिवाळी. ड्यूटी होती. संध्याकाळी दत्तप्रसाद आला, कॅम्पातून दोन बस बदलून, हातात मिठाईचा पुडा. आमच्या कपाटाचं दार सहा महिने लोंबत होतं. न विचारता बिजागरी काढली, खिशातला स्क्रू लावला, दार बसवलं. शामलाने त्याला चार करंज्या जास्त दिल्या.

अबोली त्याला म्हणाली, "डू यू ऑल्सो प्ले लाइक बाबा?" चौदा वर्षांची आमची लेक, मराठी समजते पण जिभेवर येत नाही. त्याला इंग्रजी येत नाही. तरी कळलं. हसला आणि म्हणाला, "तसाच खेळूक बघतंय."

नम्र आहे. नम्रतेला मार्क नाहीत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग केला. आमच्या दोन ब्लॉकवाल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मी "हां" म्हटलं की मागच्या बाजूला उडी मारा. पोराने हात पुसला, मी "हां" म्हटलं. सहा वेळा मागे बॉल, सहाही वेळा धाडकन ब्लॉक. पोराचा चेहरा एवढासा झाला.

घरी येऊन जेवण गेलं नाही. शामलाने विचारलं. सगळं सांगितलं, हात, चड्डी, भुसा.

"मग त्याला सांगितलंत?"

"वेळ आली की सांगीन."

"वेळ कुणाची, त्याची की तुमची?"

नर्सबाई आहेत. सुई कुठे टोचायची ते बरोबर ठाऊक.

२७ डिसेंबर, शुक्रवार

निवड. सखारामच्या गॅरेजात, दोन इंजिनांच्या मधे खुर्च्या टाकून.

सखाराम म्हणाला, "मला वाटतं पोराला घ्यावं. तू चव्वेचाळीसचा झालास." मी म्हणालो, "पोरगा समोरच्याला कळतो." तो म्हणाला, "म्हणजे काय कळतो?" मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." हे खरंच होतं, म्हणून त्याने निवडीची वही पुढे ओढली. डॉक्टर आले नाहीत.

निकाल : लिफ्टर दिनकर मोंडकर. राखीव दत्तप्रसाद.

पोराला मीच सांगितलं. वाटलं, तोंड वाकडं करील. म्हणाला, "तुमच्या बाजूक बसाक गावला तरी बस झाला, अण्णा."

असं बोलू नये माणसाने. दुसऱ्याला त्रास होतो.

२८ डिसेंबर

काल खोटं काही बोललो नाही. पुन्हा तपासलं. एक शब्दही खोटा नाही. तरी झोप कशी ती नाही.

१४ जानेवारी १९९७

संक्रांत आणि रमजान एकत्र. दिवसा बाहेर पाणीसुद्धा प्यायचं नाही, तर तिळगूळ कुठून वाटणार! इफ्तारची तोफ झाल्यावर शेजारच्या बिल्कीसबाईंनी गहू-मटणाचा हरीस पाठवला, शामलाने त्याच वाडग्यातून लाडू परत पाठवले. दत्तप्रसादही आला होता. "गोड बोला" म्हणाला. मी आणखी काय बोलणार?

तो गेल्यावर अबोली : "ही इज बेटर दॅन यू, बाबा. नो ऑफेन्स."

ऑफेन्स झाला.

२४ जानेवारी, शुक्रवार

इफ्तारनंतर प्रॅक्टिस. जनरेटरच्या दिव्याखाली बॉल आणि पतंगकिडे एकाच रंगाचे दिसतात. गुडघा नारळाएवढा. मी अर्ध्यात बसलो. पोरगा खेळला. पुढे, मागे, पुढे, पुढे, मागे. हात चड्डीला, अजूनही.

पण काय बॉल देतो! सखाराम आयुष्यात पहिल्यांदा "वा" म्हणाला, तेही बरोबर जागी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लीगमध्ये मलबारवाल्यांशी गाठ. हरलो. पण महत्त्वाचं ते वेगळंच.

पहिला सेट मी. ८-१५. मी मागे बॉल दिला की गफूर आधीच "पीछे!" ओरडतो, आणि त्याचे दोघे तिथे उभे. नेहमीचंच. बारा वर्षं मला ओळखतो, अंदाज बांधतो, त्याला काय करणार! दुसऱ्या सेटला सखारामने पोराला आत घातलं, मला न विचारता. ७-१५. गफूर तिथेही "पीछे! पीछे!" एकदाही चुकला नाही.

आता हे बघा. माझा खेळ त्याला बारा वर्षांचा पाठ. पण पोराला तर त्याने आज पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्या बॉलपासून ओळखलं! म्हणजे ती खूण केवढी ठळक असली पाहिजे! निवडीत मी बोललो ते तंतोतंत खरं ठरलं.

बरं वाटायला हवं होतं. घरी येताना व्हॅनमध्ये पोरगा माझ्या शेजारी बसला होता, खिडकीला डोकं टेकून. मला वाटलं रडतोय. वाकून पाहिलं तर गालात हसत होता. हरल्यावर हसणारा लिफ्टर मी पाहिला नव्हता. डोक्याचे मार्क कमी केले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सेमीफायनल. नझीरच्या टीमला हरवलं, तीन सेटमध्ये. मीच खेळलो. नझीर उंच आहे, देखणा आहे, आणि रागीट आहे. रेफ्रीशी भांडण्यात त्याने तीन पॉइंट घालवले. देव त्याला उदंड आयुष्य देवो.

आठव्यांदा फायनल. समोर गफूर. अजून कुणी असायचं कारणच नाही.

बर्फ लावून बसलोय. शामला म्हणते, हा गुडघा तीन सेट काढणार नाही. मी म्हटलं, दोनात जिंकू. ती काही बोलली नाही. नर्सा काही बोलत नाहीत तेव्हा घाबरावं.

२८ फेब्रुवारी

जाताना न्यायचं सामान बांधायला काढलं. तेरा वर्षांचा संसार, सतरा खोकी. त्यात एकही कप नाही. उत्तेजनार्थ म्हणून मिळालेले थर्मास मात्र पाच आहेत.

६ मार्च, गुरुवार

सांगितलं.

प्रॅक्टिस संपल्यावर पोराला थांबवलं. म्हटलं, "दत्तप्रसाद, तुझी एक खोड आहे. मागे बॉल द्यायच्या आधी तू हात चड्डीला पुसतोस. गफूरला ते कळलंय. उद्या तुझ्यावर वेळ आली तर हात पुसायचा नाही. मेलास तरी पुसायचा नाही." आणि हेही सांगितलं, की मला हे एक नोव्हेंबरपासून माहीत होतं. सांगितलं नाही, कारण मला खेळायचं होतं. त्याची माफी मागितली. बावीस वर्षांच्या पोराची!

तो माझ्याकडे बघतच राहिला. तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे, का कोण जाणे. मग म्हणाला, "होय अण्णा."

बस. राग नाही, काही नाही. मला तर त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो. नाहीतर उद्या खरं वाटायचं नाही.

आज महाशिवरात्र. सखारामचा उपास. मॅचच्या आधी व्हॅनच्या मागे आम्हा सगळ्यांना गोल उभं करून त्याने गाऱ्हाणं घातलं, हळू आवाजात, कारण रस्त्यापलीकडे पोलिसांची गाडी होती. "बा देवा रामेश्वरा, आज ह्या वाळवंटात तुझी लेकरां खेळाक उतरतहत, तर तेंच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा..." आम्ही कुजबुजलो, "व्हय म्हाराजा!" "आणि समोरच्यांका जो काय कळता, ता कळेनासा कर रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" हे शेवटचं त्याने माझ्याकडे बघत घातलं. निवडीतलं वाक्य त्याच्या मनात राहिलेलं दिसतंय.

पहिला सेट मी खेळलो. ६-१५. मागे बॉल दिला की "पीछे!" आणि भिंत. गुडघा तर दहाव्या पॉइंटलाच गेला. पण गुडघ्यामुळे हरलो असं लिहिणार नाही. माझे बॉल चांगले जात होते. तरी गफूरला सगळं आधीच ठाऊक. आठव्यांदा तेच.

सेट संपला. बाजूला आलो. सखाराम माझ्याकडे बघेना, पाण्याच्या बाटल्या मोजत होता. मीच म्हटलं, "पोराला घाल."

"आणि तू?"

"मी बसतो."

दोन शब्द. बारा वर्षांत हे मी कधी बोललो नव्हतो. बेंचवर बसलो आणि एकदम वाटलं, संपलं. आता कप आला तरी तो माझ्या हाताने येणार नाही.

दुसरा सेट. पोरगा नेटपाशी. पहिलाच बॉल आला — आणि त्या गाढवाने हात चड्डीला पुसला! काल छाती फोडून सांगितलं ते याच्यासाठी! मी बेंचवरून ओरडलो, "अरे मेल्या!" समोरून गफूर ओरडला, "पीछे!" त्यांचे दोघेही ब्लॉकवाले मागच्या बाजूला उडाले.

बॉल पुढे गेला.

पुढे कुणीच नव्हतं. आमच्या स्मॅशरला एवढी मोकळी जागा आयुष्यात मिळाली नव्हती. तो गोंधळलाच, पण मारला. पॉइंट.

मला वाटलं, चुकून झालं. पुढचा बॉल. हात चड्डीला. "पीछे!" बॉल पुढे! तिसरा. हात नाही. गफूर "आगे!" ओरडला, आणि बॉल डोक्यावरून मागे! सहाव्या-सातव्या बॉलपर्यंत गफूर ओरडायचाच थांबला. त्याच्या ब्लॉकवाल्यांना काही कळेना. एकजण तर हवेत असताना मागे वळून गफूरकडे बघत होता, आता काय म्हणून. मधेच पोराने हात पुसून खराखुरा मागे दिला. तेव्हा कुणी उडीच मारली नाही.

१५-९. तिसरा सेट १५-१२, त्यात दोनदा जीव जायची वेळ आली. शेवटचा बॉल त्यांच्या कोर्टात वाळूत रुतला.

रडलो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. गुडघा विसरून आत पळालो आणि पोराला उचललं. खरं तर उचलता आलं नाही, दोघेही पडलो. सखाराम उपाशीपोटी नाचत होता.

म्हणजे काल मी सांगितलं आणि एका रात्रीत याने खोडीचं हत्यार केलं! डोक्याला दहा. मागचे सगळे मार्क रद्द.

गफूर हात मिळवायला आला. चांगला माणूस. घामाने निथळत होता, पण हसत होता. माझा हात हातात धरून म्हणाला, "दिनकर भाई, लड़का बिल्कुल आप ही है। बस, ये झूठ बोलता है।"

पोरगा माझ्यासारखा म्हणे! कौतुकच समजायचं. शत्रूकडून एवढं पुष्कळ झालं.

१४ मार्च, शुक्रवार

बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुणे पंचेचाळीस मिनिटं बोलले, त्यातली चाळीस स्वतःच्या शाळेतल्या खोखोवर. कॅमेरावाल्याने सगळं काढलं. कप दत्तप्रसादने घेतला आणि सरळ माझ्या हातात आणून दिला. घ्यायला नको होता, पण घेतला. जड आहे. आतून पोकळ, तरी जड.

कप मंडळाच्या कपाटात राहील. कपाटाला दार नाही. पोरगा म्हणाला, बसवून देतो.

पुढच्या वर्षीचा लिफ्टर दत्तप्रसाद. ठराव मी मांडला. डॉक्टर आले होते! त्यांनी विचारलं, "हा कोण?"

२१ मार्च, शुक्रवार

सतरा खोकी गेली. घरात आवाज घुमतो. आठवड्याने आम्हीही जाऊ.

दत्तप्रसाद निरोपाला आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. उघडलं तर कॅसेट! एकोणनव्वदची फायनल! वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, मेव्हण्याच्या नावाने.

"गावातून कधी मागवलीस?"

"मागवूक नाय, अण्णा. येताना तुमच्यासाठीच हाडलेली. विमानतळावर तपासूक ठेवून घेतली, आठ दिवसांनी गावली. तेव्हापासून माझ्या ट्रंकेतच आसा."

पाच-सहा महिने ट्रंकेत! मला आला राग. म्हटलं, "अरे, सात वर्षं मी शोधतोय ही, आणि तू ट्रंकेत घालून बसलास? ऑक्टोबरातच का नाही दिलीस?"

मान खाली घातली. नख बरं झालंय त्याचं. म्हणाला, "दर शुक्रवारी घेवन येय होतंय. देवक जमला नाय. आता बघलात तरी चलात."

सुताराचं डोकं. याला बघायला मुहूर्त लागतो काय? पण जाताना पाया पडला तेव्हा मी नेहमीसारखे पाय मागे घेतले नाहीत.

व्हीसीआर खोक्यात गेला. उद्या बिल्कीसबाईंकडे बघीन.

२२ मार्च, शनिवार

पाहिली. एकोणनव्वद साली मी चौदा वेळा बॉल मागे दिला. चौदाही वेळा आधी उजवा हात चड्डीला पुसला. पलीकडे तरुण गफूर चौदाही वेळा माझ्या हाताकडे बघतोय.

मी सुतार नाही.